लाल पथारीवरचे पाय

गेल्या डिसेंबरात नंदुरबार जिल्ह्यात एक गोष्ट नक्की झाली. एका अद्भुत मालिकेतल्या राणीचे पाय कोणाचे होते, हे कळले. विषय निघाला तो शहराबाहेरच्या एका मिरची पथारीवर, दुपारच्या भाकरीच्या वेळी. त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत सातपुड्याच्या पायथ्याच्या एका आश्रमशाळेच्या अंगणात तो मिटला.

यंदा पथाऱ्या पुन्हा पडल्या आहेत. दिवाळी सरते, सकाळी ओठ उलू लागतात आणि शहराभोवतीच्या मोकळ्या शेतांवर ओल्या लाल मिरचीच्या गाड्या रिकाम्या होऊ लागतात. जमीन आधी सारवल्यासारखी चोपून घेतलेली असते. तिच्यावर मिरची पसरतात, मध्ये चालण्यापुरत्या वाटा सोडतात, आणि ऊन जसे वर चढते तसा तो लाल रंग बदलत जातो. पहिल्या दिवशी तो ओला, चकचकीत असतो. आठवड्याभरात त्याची चमक जाते. शेवटी तो सुकलेल्या रक्तासारखा काळपट होतो आणि मिरची हातात घेऊन हलवली की आत बी वाजते. मिरची वाळवण्याच्या या शेताला इथे पथारी म्हणतात.

गावाला पथारीची बातमी नाकाने कळते. पहाटे दार उघडले की घशात काहीतरी अडकते. दूधवाला शिंकतो, त्याचे उत्तर म्हणून समोरच्या घरातले आजोबा शिंकतात. चहा नेहमीचाच असतो, तरी पहिला घोट तिखट लागतो. सुरत-भुसावळ मार्गावरच्या गाडीत झोपलेली माणसे स्टेशनचे नाव न वाचता नंदुरबार आल्याचे सांगतात. डब्यात एकाला ठसका लागला की बाकीचे बॅगा शोधू लागतात. बाहेरगावी नोकरीला गेलेली मुले फोनवर विचारतात, वास सुरू झाला का? हो म्हटले की त्यांच्या आवाजात थोडा फरक पडतो.

पथारीवर चालण्याची एक रीत आहे. पाय उचलून टाकायचा नसतो. उचललेला पाय मिरचीवर पडला की मिरची फुटते, बी सांडते, माल कमी भावात जातो. म्हणून पाऊल जमीन न सोडता पुढे सरकवायचे. मिरची आपोआप बाजूला होते आणि पायाखाली एकही चुरडली जात नाही. नव्याने कामाला आलेल्या बाईला हे कोणी शिकवत नाही. दोन दिवस ओरडा खाल्ला की येते. सकाळच्या उन्हात तोंडाला फडके बांधलेल्या बायका अशा सरकत जाताना दुरून पाहिल्या तर त्या चालत नसून कोणीतरी त्यांना हलकेच ओढत नेत आहे असे वाटते.

मालिकेच्या लोकांना बहुधा हेच दिसले असावे.

त्यांनी दोन हिवाळ्यांपूर्वी इथे चित्रीकरण केले. मालिकेत नंदुरबार नाही, महाराष्ट्र नाही, खरे तर पृथ्वीच नाही. पथारीची रक्तभूमी झाली. प्रकाशा गावाजवळचा तापीचा फुगवटा समुद्र झाला. तोरणमाळच्या तलावावर धुके उतरते त्या सकाळी तिथे एक नाग पाण्यातून वर आला. पथारीच्या मागे पडद्यावर काळा किल्ला दिसतो. प्रत्यक्षात त्या जागी विजेचा खांब आहे आणि त्याला टेकून एक सायकल असते.

मालिका लोकांना आवडली. तिच्या पाचव्या भागात राज्य गमावलेली राणी रक्तभूमीवरून अनवाणी चालत जाते. चेहरा दिसतो, मग फक्त पाय दिसतात. ते पाय उचलले जात नाहीत. लाल जमिनीवरून नुसते वाहत जातात. हा तुकडा गाणे जोडून मोबाइलवर इतका फिरला की ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांनीही तो पाहिला. राणीची चाल म्हणून मुली लग्नाच्या मांडवात तशा चालू लागल्या. आणि पुढच्या हिवाळ्यात, म्हणजे गेल्या हिवाळ्यात, माणसे ती जागा पाहायला येऊ लागली.

सुरतेहून आली, नाशिकहून आली, संभाजीनगरहून आली. काहीजण पावसाळ्यातच येऊन गेले होते; त्यांना चिखल आणि बगळे दिसले. रक्तभूमी वर्षातून चार महिनेच असते हे मालिकेत सांगितलेले नव्हते. हिवाळ्यात आलेल्यांना ती सापडे, पण ती बोलू देत नसे. गाडीतून उतरून पहिला उद्गार काढण्यासाठी तोंड उघडले की ठसका लागे. फोटोत बहुतेकांचे डोळे पाण्याने भरलेले आहेत. घरच्यांना ते पाणी भावनेचे वाटले असेल.

या पाहुण्यांना फिरवण्याचे काम धनराज आप्पांनी सुरू केले. आप्पा धानोऱ्याचे. आधी त्यांची जीप धडगावच्या घाटात प्रवासी भरून चाले. चित्रीकरणाच्या वेळी त्यांनी कंपनीच्या माणसांना जेवणाचे डबे पोचवले होते, आणि तेवढ्या बळावर ते सगळ्या जागा दाखवत.

"किल्ला कुठेय हो?" पाहुणे विचारत.

"किल्ला ते कॉम्प्युटरमा शे, ताई. आठे फकत मिरची शे," आप्पा सांगत.

"आणि ते हाडांचं झाड?"

"ते बी कॉम्प्युटरमा. ठसका तेवढा खरा शे. तो फुकट."

पाहुण्यांना राणीसारखे अनवाणी चालायचे असे. चप्पल निघताना दिसली की पथारीच्या दुसऱ्या टोकाकडून यशोदामाय ओरडत. त्या पथारीवरच्या मुकादम. वय साठीकडे झुकलेले, आवाज विशीतला. "पायमा चप्पल घाला वं माय! पाय जळतीन!" ज्यांनी ऐकले नाही त्यांच्यासाठी झोपडीत तेलाची बाटली ठेवलेली असे. एका तरुणाने राणीची चाल पूर्ण करून दाखवली आणि परतीच्या वाटेवर त्याला दोघांनी धरून आणावे लागले. बायका त्याच्या तळव्यांना तेल चोळून देताना इतक्या हसत होत्या की तोही जळत्या पायांनी हसू लागला.

त्या हसणाऱ्या बायकांत एक मोगराबाई होती. ती धडगावकडच्या डोंगरातली, पावरा कुटुंबातली. पाऊस संपला की नवऱ्याबरोबर खाली येई. नवरा गाडी भरण्या-उतरवण्याच्या कामावर, ती पथारीवर. दोघे पथारीच्या कडेच्या झोपडीत राहत, त्यामुळे संध्याकाळी बाकीच्या बायका घरी गेल्यावरही ती तिथेच असे. बोलणे कमी. यशोदामाय तिला मोगरी म्हणत.

तिच्या शेजारी बसून देठ खुडणारी मुलगी तिची होती. रविता. दहावीचे वर्ष. म्हसावदच्या पुढे, डोंगर सुरू होतो तिथल्या आश्रमशाळेत शिकणारी. दिवाळीच्या सुट्टीत आईकडे आली होती. सुट्टी संपली, शाळा उघडली, ती गेली नाही.

कारण तिनेच सांगितले. शाळेच्या मराठीत, सरळ. चित्रीकरणाच्या दिवशी नटीने पथारीवर पाय ठेवला आणि थोड्याच वेळात तिला आग सहन होईना. संध्याकाळ झाली होती, ऊन जात होते. बायका निघून गेल्या होत्या. कंपनीच्या माणसांनी झोपडीजवळ उभ्या असलेल्या मोगराबाईला बोलावले, पायांना रंग लावला, राणीचे वस्त्र गुडघ्यापर्यंत गुंडाळले आणि सांगितले, त्या टोकापर्यंत जा आणि वळ. ती गेली आणि वळली. त्यांच्यातला एक माणूस खूश होऊन ओरडला, पुन्हा असेच कर. काय केले ते तिला कळले नाही. ती पुन्हा तशीच गेली.

मोगराबाईने हे फक्त मुलीला सांगितले. मुलीने वसतिगृहात सांगितले. तिथे सगळ्यांनी तो मोबाइलवरचा तुकडा पाहिलेला होता. जेवणाच्या रांगेत मुली रवितापुढे वाकू लागल्या. "राणीची पोरगी आली, वाट द्या." ताटात भात कमी पडला तर, "राजवाड्यातून आणू का?" एकदा कोणीतरी तिच्या अंथरुणावर लाल मिरच्या पसरून ठेवल्या. तिने त्या गोळा करून स्वयंपाकघरात दिल्या आणि कोणाला काही सांगितले नाही. पण दिवाळीला घरी आली ती राहिलीच.

"पेपरात छापा ना," ती मला म्हणाली. मी तेव्हा एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात होतो आणि पाहुण्यांवर मजकूर करायला पथारीवर जात असे. "पेपरात आलं की मुली मानतील."

दुजोरा हवा, असे तिला सांगितले. मालिकेच्या कंपनीला विचारले होते. उत्तर आले नव्हते. त्या संध्याकाळी तिथे दुसरे कोणी नव्हते. आप्पा डबे देऊन परतले होते.

"म्हणजे तुम्हालाही खोटं वाटतं."

"खोटं नाही. नक्की नाही."

"आमच्या शाळेत या दोन्हीला एकच म्हणतात," ती म्हणाली आणि पुन्हा देठ खुडू लागली.

तिचा हात वेगवान होता. दहावीच्या मुलीचा हात इतका वेगवान असू नये असे यशोदामाय एकदा म्हणाल्या. म्हणजे असे म्हणाल्या: "ही पोर आते मन्ही जागा लेस का काय!" बायका हसल्या. मोगराबाई हसली नाही. त्या रात्री झोपडीत माय-लेकींत काय बोलणे झाले ते रविताने नंतर पावरीतून मराठीत करून सांगितले. आई म्हणाली, मुलींना सांग की माझ्या आईने थाप मारली, पाय तिचे नव्हते. आणि शाळेत जा. रविता म्हणाली, मग तू खोटी ठरशील. आई म्हणाली, मला काय फरक पडतो, मी इथे असते. रविता म्हणाली, मला पडतो.

डिसेंबरातले पथारीवरचे दिवस सुखाचे असतात. ऊन लागते ते अंगावर घ्यावेसे वाटते. दहा वाजेपर्यंत बायका शाली काढत नाहीत. मिरचीवर दव असते तोवर तिला हात लावत नाहीत, त्यामुळे सकाळचा पहिला तास चहाचा आणि चौकशांचा असतो. कोणाची सून माहेरी गेली, कोणाच्या शेळीला दोन झाली. पाखरे पथारीवर उतरत नाहीत. कुत्री कडेकडेने जातात. दूर उत्तरेला सातपुडा निळा दिसतो, आणि मध्ये काही आडवे येत नसल्यामुळे तो लाल जमिनीवरच उभा आहे असे वाटते. कंपनीच्या लोकांनी तो पुसून तिथे किल्ला का उभारला, हे आप्पांना शेवटपर्यंत समजले नाही.

अशाच एका दुपारी आप्पांच्या जीपमधून पुण्याच्या नणंद-भावजय उतरल्या. वासंतीताई आणि शुभदा वहिनी. दोघी साठीच्या आसपास. दोघींनी नाकाला रुमाल बांधून आणले होते, म्हणजे तयारी करून आल्या होत्या. मालिकेचा प्रत्येक भाग दोघींनी आपापल्या घरी पाहिलेला, आणि तो चालू असताना फोनवर एकमेकींशी वाद घातलेला. रक्तभूमीवर उभ्या राहिल्या तरी वाद थांबला नाही.

"वन्सं, इथूनच ती वळली. आणि इथेच तिने टाचेने खूण केली."

"खूण नाही गं वहिनी. राग आहे तो. राज्य गेलंय तिचं."

"रागाने कोणी इतकं हळू करतं का? खाली जमिनीत नाग आहे. त्याला ती सांगतेय, थांब म्हणून."

मोबाइलवर फिरणारा तुकडा राणी वळण्याआधीच संपतो. मूळ भागात ती टोकाला जाऊन वळते आणि वळताना तिचा डावा पाय मागे जातो. टाच जमिनीवरून काहीतरी सारते. त्यावर मालिकेच्या चाहत्यांत बराच खल झालेला होता. पथारीवरच्या बायकांनी मूळ भाग पाहिला नव्हता. तो पैसे भरून पाहायच्या ॲपवर होता. मोगराबाईनेही पाहिलेला नव्हता.

भाकरीची वेळ झाली. बायका झोपडीच्या सावलीत बसल्या. वहिनींनी पुण्याहून आणलेल्या वड्या पुढे केल्या, यशोदामायने ठेचा पुढे केला, आणि वहिनींनी तो भिडेपोटी खाल्ला. पाणी पिऊन झाल्यावर त्या म्हणाल्या, "तुम्हीच सांगा, तुमची जमीन आहे. ही खूण आहे की राग?" आणि त्यांनी मोबाइल यशोदामायच्या हाती दिला. पूर्ण भाग त्यांनी उतरवून घेतलेला होता.

उन्हात पडदा दिसेना. यशोदामायने पदर मोबाइलवर धरून तंबू केला आणि आत डोके घातले. आणखी दोन डोकी आत गेली. बाहेरून फक्त पाठी दिसत होत्या.

"चालस ते बरोबर," आतून आवाज आला. "मिरची मोडत नही."

मग राणी वळली असावी, कारण तंबू एकदम हलला.

"थांब वं! मांगे ले. परत दाखाड."

वासंतीताईंनी हात घालून तो भाग मागे नेला. पुन्हा राणी टोकाला गेली, पुन्हा वळली. यशोदामायने पदर काढला. तोंड उघडे होते.

"माय वं! ही ते मोगरीनी टाच शे!"

दुसरी म्हणाली, "तीच. ढोरगत मांगे लाथ मारस."

वाटेवर आलेली मिरची प्रत्येक बाई पायाने परत ओळीत लोटते. कोणी चवड्याने लोटते, कोणी पावलाच्या कडेने. यशोदामाय वाकून हाताने टाकतात, कारण त्यांच्या सासूने त्यांना तसे लावले. मोगराबाई वळल्यावर डावी टाच मागे सारते. तिला तसे करताना सगळ्यांनी कित्येक हंगाम पाहिले होते आणि त्यावरून तिची थट्टाही केली होती. तिला मात्र आपण तसे करतो हे सांगितल्याशिवाय आठवत नसे.

मोगराबाई पाण्याची कळशी घेऊन येत होती. सगळ्यांचे डोळे आपल्या पायांवर आहेत हे पाहून ती थांबली. आधी तिने पायांकडे पाहिले, मग मागे वळून पाहिले.

"मोगरी, तू राणी शेस आणि आमले सांगं बी नही?" यशोदामाय म्हणाल्या.

मोगराबाईने कळशी खाली ठेवली. ती रागावल्यासारखी दिसत होती. "सांगितलं असतं तर हसल्या असत्या," ती म्हणाली.

"आते बी हसी ऱ्हायनूत," यशोदामाय म्हणाल्या, आणि ते खरे होते.

वहिनींनी हळूच विचारले, "म्हणजे ती नागासाठी खूण नव्हती?"

"कसाना नाग, बाई? मिरची वाटवर उनी का मांगे लोटनी पडस."

वहिनींनी पथारीकडे पाहिले, मग मोगराबाईकडे. "राग नाही आणि खूणही नाही," त्या नणंदेला म्हणाल्या. "दोघी हरलो, वन्सं."

"मी कमी हरले," वासंतीताई म्हणाल्या.

रविता हे सगळे ऐकत होती. तिच्या हातातले काम थांबले होते, पण चेहरा मोकळा झाला नव्हता. शाळेत न जाण्याचे कारण यशोदामायने आता तिच्याकडून काढून घेतले आणि वासंतीताईंना सगळे सांगितले, एका दमात, तिच्यासमोरच. वासंतीताई पोस्टात नोकरी केलेल्या. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, आता काय हरकत आहे?

"हे इथल्या बायकांना कळतं," रविता म्हणाली. "वसतिगृहात कोण मानेल? म्हणतील, मिरचीवाल्या बाया मिरचीवाल्या बाईची साक्ष देतात."

"मग आईलाच ने. आम्ही येतो की. आम्हाला तोरणमाळला जायचंच आहे, रस्ता तोच ना?"

आप्पांनी मान हलवली. रस्ता तोच होता.

मोगराबाई तयार नव्हती. दुपारचे काम होते, मिरची उलथायची होती. तिने यशोदामायकडे पाहिले.

"जाय," यशोदामाय म्हणाल्या. "मिरची कथी पळून नही जास."

प्रकाशाच्या पुलावर आप्पांनी नेहमीप्रमाणे जीप हळू केली आणि "आठे समुद्र व्हता" असे सांगितले. पाणी स्थिर होते. एक माणूस काठावर म्हशी धूत होता. शहादा मागे पडले, उसाच्या गाड्या लागल्या, केळीची पाने वाऱ्याने फाटून झालरीसारखी हलत होती. मिरचीचा वास मागे राहिला आणि सगळ्यांना एकदम श्वास घेता येऊ लागला. म्हसावदच्या बाजारात वहिनींनी मुलींसाठी बोरे घेतली. मी पुढे आप्पांशेजारी होतो, मागच्या बाकावर माय-लेकी बसल्या होत्या. मोगराबाईने हातपाय धुऊन ठेवणीतले लुगडे नेसले होते आणि ती पूर्ण वाटभर समोरच्या डोंगराकडे पाहत होती. रविता म्हणाली, "मी फक्त दाखवायला येते. राहायला नाही." आईने तिच्या केसांत अडकलेला मिरचीचा देठ काढून टाकला.

वसतिगृहाच्या अधीक्षक बाईंनी आधी सगळ्यांना बसवून पाणी दिले, मग ऐकून घेतले, मग मुलींना व्हरांड्यात बोलावले. वासंतीताईंचा मोबाइल हातोहात फिरला. मुलींनी टाच पाहिली, पुन्हा पाहिली.

"हे पाय गोरे आहेत," एक उंच मुलगी म्हणाली.

"रंग लावला होता," रविता म्हणाली.

"मग चालून दाखवू दे."

मोगराबाई उठली. व्हरांड्यात फरशी होती. ती इकडून तिकडे गेली आणि वळून आली. ती साधी चालली. पाय उचलून, जशी कोणतीही बाई फरशीवर चालते तशी. वळताना टाच मागे गेली नाही. मागे सारण्यासारखे तिथे काही नव्हते.

उंच मुलगी म्हणाली, "नाही ना." तिच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागले. आप्पा काहीतरी सांगायला पुढे झाले, वासंतीताईंनी त्यांना हाताने थांबवले. रविता व्हरांड्याच्या पायरीवर जाऊन बसली. मोगराबाईने अधीक्षक बाईंना नळ कुठे आहे ते विचारले. वाटेतली धूळ तोंडावर बसली होती.

नळ अंगणाच्या पलीकडे होता. अंगणात वसतिगृहाच्या स्वयंपाकघराचा मका वाळत घातलेला होता. पिवळे दाणे भिंतीपासून भिंतीपर्यंत, मध्ये जायला एक अरुंद वाट. मोगराबाई त्या वाटेवर उतरली आणि तिची चाल बदलली. पाय जमिनीवरून सुटेनात. दाणे आवाज न करता बाजूला होत होते. ती वाटेच्या टोकाला पोचली, नळाकडे वळली, आणि वळताना तिच्या डाव्या टाचेने वाटेवर आलेले दाणे मागे, ओळीत सारले.

तिने नळ सोडला आणि तोंड धुऊ लागली.

व्हरांड्यात उंच मुलीने वासंतीताईंकडे हात पुढे केला. "परत दाखवा." वासंतीताईंनी परत दाखवले. मुलींच्या डोक्यांचा गठ्ठा मोबाइलवर वाकला, वर आला, अंगणाकडे वळला. वेळ लागला नाही. दोघी-तिघी धावत अंगणात उतरल्या आणि त्या वाटेवर तसे चालायचा प्रयत्न करू लागल्या. मक्याचे दाणे चहूकडे उडाले, स्वयंपाकीणबाई पळी घेऊन बाहेर आल्या आणि त्यांनी सगळ्यांना एकाच वाक्यात बोल लावला. उंच मुलगी पायरीवर रविताजवळ बसली. ती काय म्हणाली ते ऐकू आले नाही. रविताने तिला कोपराने ढकलले, आणि दोघी हसत होत्या.

मोगराबाई पदराने तोंड पुसत परत आली. "काय झालं?" तिने विचारले. उत्तर द्यायला सगळ्या एकदम बोलू लागल्या, आणि तिला काही कळले नाही. मुलींनी तिला पुन्हा चालायला लावले. यावेळी ती लाजली आणि तिची टाच मागे गेली नाही. मुलींनी ते माफ केले.

अधीक्षक बाईंनी जेवून जायचा आग्रह केला. पंगत व्हरांड्यात बसली. डाळ, भात, मक्याची भाकरी. वहिनींनी आणलेली बोरे ताटांतून फिरली. मोगराबाईला मुलींनी मध्ये बसवले आणि नटी कशी होती, रंग कसला लावला, वस्त्र जड होते का, असे विचारून तिला जेवू दिले नाही. नटी चांगली होती, ती म्हणाली. पाय जळाले तेव्हा रडली. मीच तेल लावले. हे ऐकून वहिनींनी नणंदेकडे पाहिले. हे त्यांना कुठल्याही भागात कळले नसते.

तोरणमाळला जाण्याइतका उजेड उरला नव्हता. नागाचा तलाव राहिला. वासंतीताई म्हणाल्या, पुढच्या खेपेला.

सूर्य डोंगराला लागला तेव्हा आप्पांनी जीप काढली. पुढे आप्पा आणि मी, मधल्या बाकावर पुण्याच्या दोघी होत्या. मागच्या बाकावर मोगराबाई एकटी होती.